पैलवान गडी, अंगात एवढी ताकद, तरी सेप्टिक शॉक कसा काय?

गंगावेसकर
मामाचा पोरगा, वय २४, तालमीतच राहतोय, पहाटे जोर-बैठका, संध्याकाळी लढत, आजारी म्हणून कधी बघितला नाही. मागं गादीवरच्या एका स्पर्धेआधी वजनगटात बसायला म्हणून पाणी जवळजवळ बंद केलं, मांडीवर गळू होतं तिकडं कुणी बघितलं नाही, आणि कुस्त्या झाल्यावर हुडहुडी भरून ताप, दुसऱ्या दिवशी थेट आयसीयू. सेप्टिक शॉक म्हणाले, म्हणजे जंतूंचा संसर्ग अंगभर भिनून बीपी कोसळणं. आता घरी आलाय. पण शरीराला ताण दिला की ते काटक होतं असं ऐकत आलोय आपण, मग आधीच्या ताणानं जंतू झेलायची ताकद वाढते का घटते? जाणकारांनी सांगा राव.

फिजिऑलॉजीवाला
दोन्ही होतं भावा, किती ताण आणि किती आधी यावर आहे सगळं. उंदरांवर प्रयोग झालेत, आधी थोडा वेळ त्यांचं अंग तापवायचं, मग सावरायला वेळ द्यायचा आणि नंतर एंडोटॉक्सिन म्हणजे जंतूच्या कवचातलं विष टोचायचं, तर न तापवलेल्यांपेक्षा हे जास्त जगले. तापलेल्या पेशी हीट शॉक प्रोटीन बनवतात, ती बिघडलेली प्रोटीनं सांभाळतात आणि दाह आवरतात. ही प्रतिक्रिया आधी दिसली फळमाशीत, इटलीच्या रितोसाला, १९६२ चा पेपर. शॉकमध्ये जंतूइतकंच नुकसान आपल्याच प्रतिकारशक्तीच्या आगीनं होतं, रक्तवाहिन्या सैल पडतात, गळतात, बीपी कोसळतं, म्हणून ती आग आवरली की जीव वाचतो.
पण मोठा अपघात, भाजणं, मोठं ऑपरेशन असा दणका बसला की पांढऱ्या पेशी नंतर काही दिवस सुस्त असतात आणि तेव्हाच जंतू घुसतो. ताण आटोक्यातला पाहिजे आणि मधे विश्रांती पाहिजे. तुमच्या पाव्हण्याला ती मिळालीच नाही.

लाल_माती
उंदराचं ठीक आहे ओ सर, माणसाला अंग तापवून कोण सेप्सिसमधनं, म्हणजे असल्या अंगभर भिनलेल्या संसर्गातनं वाचवतंय? मला तरी गळू आणि पाणी हेच खरं कारण वाटतं. हौद्यातल्या मातीत आपण ताक, तेल, हळद, लिंबू घालतो, गादीवर तेही नाही, आणि अंगाला अंग घासलं की कातडीचे जंतू एकाचे दुसऱ्याला जाणारच. त्यात पाणी तोडलं की रक्तातलं पाणी आधीच कमी, मग शॉक आला की किडनीला काय पोचणार?

फिजिऑलॉजीवाला
हे पटलं. उंदरांवरचा तो तापवायचा उपाय अजून माणसापर्यंत आलेला नाही. त्यात अंगमोड व्यायामात रक्त स्नायूंकडं पळतं, आतड्याला कमी मिळतं, त्याची भिंत थोडी गळकी होते आणि आतल्या जंतूंचं विष रक्तात झिरपतं, हा भाग लोक विसरतात.

आयसीयू_नाईट
एक विचारू का, वजन वाढवायच्या गोळ्या-पावडरी घेत होता का तो? अशा काहींत डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड निघतं. ते बरेच दिवस पोटात गेलं की किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथी झोपतात, मग आजारात लागणारं कॉर्टिसॉल हे हार्मोन तयारच होत नाही. अॅड्रिनल काढलेला प्राणी एंडोटॉक्सिनच्या अगदी थोड्या डोसनं मरतो हे जुनं माहीत आहे. म्हणून तर शॉक आवरत नसला की आम्ही हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे तेच कॉर्टिसॉल औषध म्हणून देतो.
आणि दुसरं, पैलवानाची बसल्या जागची नाडी ५० असते, तापात ९५ दाखवली की घरचे म्हणतात नॉर्मलच हाय, पण त्याच्यासाठी ती जवळजवळ दुप्पट झालेली असते. तरण्या गड्याचं बीपी बराच वेळ टिकतं आणि मग एकदम पडतं. श्वास मिनिटाला २२ च्या वर, बोलणं भरकटलेलं, लघवी कमी, असं काही दिसलं की दवाखाना गाठायचा. शॉक आहे म्हटल्यावर अँटिबायोटिक तासाभरात जायला पाहिजे.

गंगावेसकर
कसलीतरी पावडर होती खरी, डब्यावर नाव-गाव काही नाही. आता विचारतो त्याला. तालमीत परत कधी जाऊ म्हणून डोकं खातोय नुसता.

आयसीयू_नाईट
तो डबा फॉलोअपला घेऊन जावा, फेकू नका. आणि असली पावडर अचानक बंद करायची का हळूहळू ते तिथंच विचारा. स्नायू गळालेले असतात, महिनोन्महिने अशक्तपणा राहू शकतो. सध्या रंकाळ्याला एक चक्कर मारू दे, लढत नको.