माहितीपट पाहून गप्प झालेल्या मुलीशी कसे बोलावे? मदत हवी आहे
फ्रेडरिक वाइजमन यांचा १९६८ सालचा ‘हायस्कूल’ हा माहितीपट मी माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीसोबत पाहिला. फिलाडेल्फियातील एका शाळेत चित्रित झालेल्या या सुमारे सव्वा तासाच्या कृष्णधवल चित्रपटात निवेदन नाही, मुलाखती नाहीत. शिक्षक सुनावतात, विद्यार्थी ऐकून घेतात आणि अर्थ लावण्याचे काम पूर्णपणे प्रेक्षकावर सोडलेले असते. मला हेच त्याचे बळ वाटते. मुलगी मात्र ‘यात बरोबर कोण?’ एवढेच विचारून गप्प झाली, आणि त्या गप्प राहण्यामागे तिचे स्वतःचे शाळेतले काही दुखणे असावे, अशी काळजी मला वाटते. माझे मत न लादता तिला बोलते करण्यासाठी कोणते प्रश्न विचारावेत, हे अनुभवी पालकांनी व शिक्षकांनी कृपया सांगावे.