ईशानचा कळसूबाई आणि बी विंगची टाकी

ईशान (सी-४०२): नमस्कार मंडळी 🙏 गेम जॅमसाठी, म्हणजे दिलेल्या विषयावर ठरलेल्या वेळात गेम करायच्या उपक्रमासाठी, ४८ तासांत एक क्विझ गेम केलाय. शुक्रवारी संध्याकाळी विषय मिळाला 'चढण', आज सहाला जमा केला. बरोबर उत्तर दिलं की कळसूबाईवर एक टप्पा वर. लिंक उघडली की खेळता येतो, काही डाउनलोड करायचं नाही. खेळून खरंखरं सांगा. 'छान आहे' नको.

काकू (ए-१०३): छान आहे रे ईशान 👏👏

सेक्रेटरी: बी विंगची टाकी उद्या १० ते १ धुतली जाईल. पाणी भरून ठेवावे.

आजोबा (बी-२०१): ईशान, प्रश्न तिसरा. 'सह्याद्रीतले सर्वांत उंच शिखर कोणते?' मी अनैमुडी लिहिले, चूक दाखवले. सह्याद्री म्हणजे अख्खा पश्चिम घाट धरलास तर केरळातले अनैमुडीच, २६९५ मीटर. कळसूबाई १६४६. प्रश्नात 'महाराष्ट्रातले' हा एक शब्द हवा. पेपर काढताना आम्हीही असेच फसायचो, मग पोरं भांडायला यायची.

वहिनी (सी-२०४): तो ढोल बंद कुठून करायचा? बाळ उठलं 😭

काकू (ए-१०३): आणि पर्यायांत सगळ्यात लांबलचक असतो तोच दर वेळी बरोबर. आमच्या चिनूने न वाचता सात काढले.

ईशान (सी-४०२): अरे देवा. हे लक्षातच नाही आलं 😅

सेक्रेटरी: ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे, कृपया भान ठेवा. आणि ईशान, एक चुकलं की थेट पायथ्याला बारी गावात पाठवतोस, हे फार होतं. अकराव्या प्रश्नावरून खाली आलो. दोनदा.

ईशान (सी-४०२): काका, दोनच टप्पे खाली येईल असं करतो.

काका (ए-३०४): थिबा राजवाडा कुठल्या शहरात? मी लिहिलं रत्नागिरी. म्हणे चूक! बरोबर उत्तर काय, तर रत्‍नागिरी!! जन्म गेला माझा तिथे. माझं आणि त्याचं डोळे फाडून ताडून पाहिलं, काडीचा फरक नाही.

काकू (ए-१०३): 🤣🤣

ताई (सी-१०१): ईशान, उत्तर नेटवरून कॉपी केलंस ना? त्यात त आणि न यांच्यामध्ये झीरो विड्थ जॉइनर आहे. अर्धा त वेगळा दिसावा म्हणून घालतात. डोळ्यांना दिसत नाही, पण प्रोग्रामला ती दोन वेगळी नावं. तपासण्याआधी दोन्हीकडून काढून टाक. फक्त तपासताना हं. प्रश्न दाखवताना काढलंस तर 'दर्‍या'चा 'दर्या' होईल आणि सह्याद्रीत समुद्र शिरेल.

ईशान (सी-४०२): ताई _/\_ मी दोन तास फॉन्टला शिव्या देत होतो.

ताई (सी-१०१): 'कळसुबाई' लिहिलं तरी चूकच म्हणतो. र्‍हस्व-दीर्घ सोडून दे ना.

आजोबा (बी-२०१): का सोडायचे? शुद्धलेखन म्हणून काही आहे की नाही?

काका (ए-३०४): गुरुजी, दहा सेकंद मिळतात. त्यात फोनचा कीबोर्ड. दीर्घ ऊ शोधेपर्यंत मी बारीत.

आजोबा (बी-२०१): बरं. अर्धा टप्पा द्या.

ईशान (सी-४०२): हे भारी आहे, पण आता नवीन काही घालता येत नाही. जमा केल्यावर फक्त बिघाड दुरुस्त करायची परवानगी आहे. र्‍हस्व-दीर्घ दोन्ही चालवतो, ढोलाला बटण देतो. पर्याय जॅम संपल्यावर.

(११:२०)

ईशान (सी-४०२): नवी आवृत्ती टाकली. पान रिफ्रेश करा.

काका (ए-३०४): सुटली रत्नागिरी! 💪

सेक्रेटरी: मी शिखरावर. शेवटचा प्रश्न सोपा होता, जिल्हे ३५.

आजोबा (बी-२०१): कुठले ३५? १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. ३६!

ईशान (सी-४०२): 🤦 आजोबा, उद्या सकाळी घरी येतो. सगळे प्रश्न एकदा तपासून द्याल?

आजोबा (बी-२०१): दहाच्या आत ये. नंतर चहालाही पाणी नाही.