कित्तूरपासून सुरुवात करा
वर एका ताईंनी विचारलंय, मोठ्या माणसाला गोंगाट-गर्दी सोसत नसेल तर संग्रहालय, मत्स्यालय बघायचं कसं? मी बेळगावचा, पन्नाशीचा. कुकरच्या शिट्टीलाही दचकतो, म्हणून सांगतो.

मत्स्यालयात त्रास माशांचा नाही, काच आणि फरशीचा. आवाज शोषून घेणारं तिथं काहीच नसतं; एक पोरगं किंचाळलं की तो आवाज घुमतच राहतो. त्यात अंधार. आवाज कापणारे हेडफोन पंपाची एकसारखी घरघर छान दाबतात, पण अचानकची किंकाळी तेवढी अडवत नाहीत. तिला मेडिकलमधले साधे फोमचे इअरप्लग बरे. मी दोन्ही घालतो. बायको म्हणते, त्यापेक्षा हेल्मेटच घाला की!

आपल्याकडं कित्तूर सोयीचं. धारवाडच्या वाटेवर राणी चन्नम्मांचा किल्ला, पडका वाडा आणि तिथंच छोटं संग्रहालय. आत कोंडल्यासारखं झालं की बाहेर मोकळ्या आवारात येऊन बसायचं. फक्त ऑक्टोबरात २३ तारखेच्या आसपास कित्तूर उत्सव असतो, तेव्हा नको.

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचं, जुन्या गावगाड्याचे पुतळे मांडलेलं सिद्धगिरी संग्रहालयही बरंचसं उघड्यावर आहे, पण हिवाळ्यात शाळांच्या सहली उतरतात. एकदा मी तीन बसच्या मधे सापडलो. त्या पुतळ्यांत आणखी एक पुतळा होऊन उभा राहिलो, दुसरं काय करणार!

आता मी मधल्या वारी, उघडल्या उघडल्या जातो. आणि निघण्याआधी फोन करून विचारतो, आज सहल आहे का.