ओवी स्टुडिओत नको, माळावरच रेकॉर्ड करा

धनगरी ओव्या म्हणणाऱ्यांना कोल्हापुरात स्टुडिओत आणून स्वच्छ आवाजात रेकॉर्ड करावं, असं एकांनी सुचवलंय. हेतू चांगला आहे, पण मला ते पटत नाही. ओवी एकट्याची नसतेच. म्हणणारा ओळ टाकतो, साथीदार ती उचलून धरतात, मधेच गाणं थांबतं आणि कथा साध्या बोलीत पुढं सरकते. समोर बसलेली म्हातारी माणसं हुंकार देतात. बंद खोलीत यातलं निम्मं गळून पडणार. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेतला ढोल-कैताळाचा (कैताळ म्हणजे झांजा) दणका तर सोडूनच द्या.

जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर धनगरांमध्ये जाऊनच त्यांच्या ओव्या रेकॉर्ड करत. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांच्या कामातून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमल्या, त्याही गावोगावच्या बायकांकडून, गाणारीच्या नावागावासह. ही नोंद फार मोलाची. नाव नसलेली ध्वनिफीत पुढच्या पिढीला कुणाची म्हणून ऐकवणार?

म्हणून सुरुवातीलाच गाणाऱ्याकडून नाव, गाव, कुणाकडून शिकला हे त्याच्याच आवाजात घ्या. एमपीथ्री नको, आवाज न दाबता जसाच्या तसा साठवणारी वेव्ह फाइल ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी लागते. हलगी असेल तर शेकून ताणल्यावर तिचा कडकडाट फार चढतो, रेकॉर्डिंगची लेव्हल आधीच उतरवून ठेवा, फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. आणि एक प्रत गाणाऱ्याच्या घरी द्यायलाच हवी, पहिला हक्क त्यांचाच.