मदत हवी आहे: टेरिस व्हिटाटाच्या एकाच स्लाइडवर दोन आकारांचे बीजाणू

नेच्यांच्या जाणकारांकडून एक शंका सोडवून हवी आहे. जुन्या चुन्याच्या भिंतीच्या फटीत वाढलेल्या एका नेच्याचे बीजाणू मी मायक्रोस्कोपखाली पाहतेय. माझ्या मते हा टेरिस व्हिटाटा आहे. बहुतेक बीजाणू तिकोनी आहेत आणि त्यांच्या मधोमध तीन दिशांना फुटलेली रेघ आहे. पण अधूनमधून एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने सपाट, घेवड्याच्या दाण्यासारखे बीजाणूही दिसतात. एकच नेचा दोन्ही प्रकार तयार करतो का?

ओळख पटावी म्हणून झाडाचं वर्णन देते. खोड आखूड, जमिनीलगत, फिकट तपकिरी खवल्यांनी गच्च झाकलेलं. पान एकदाच विभागलेलं, दलं (पानाचे विभागलेले भाग) लांब, अरुंद आणि बिनदेठाची. टोकाचं दल सगळ्यांत लांब, आणि देठाकडे येताना दलं लहान लहान होत जातात. कोवळं पान आतल्या बाजूला गुंडाळलेलं असतं. दलांचा वांझ भाग, विशेषतः टोक, बारीक दातेरी आहे. जिथे बीजाणू येतात तिथे मात्र कड सरळ असून खाली दुमडलेली आहे, आणि त्या दुमडीखाली तपकिरी रंगाची सलग पट्टी आहे. वेगवेगळे गोल ठिपके कुठेच नाहीत.

पिकलेलं पान खालची बाजू खाली करून कोऱ्या कागदावर कोरड्या जागी ठेवलं होतं. खाली पडलेल्या भुकटीतली चिमूटभर स्लाइडवर घेतली. त्याच भिंतीवर थोड्या अंतरावर नेफ्रोलेपिस हा दुसरा नेचाही आहे, म्हणून शंका जास्त.

दुसरं म्हणजे, ही दुमडलेली कड म्हणजेच बीजाणुधानींचं, म्हणजे बीजाणू ज्यात तयार होतात त्या पिशव्यांचं, झाकण का? मला या झाडाचं अवयवांसकट नीट चित्र काढायचंय, त्यामुळे नाव चुकायला नको.

प्रतिसाद १

नेफ्रोलेपिस इतका जवळ असेल तर माझा संशय त्याच्यावरच. त्याचे बीजाणू दाण्याच्या आकाराचे असतात आणि त्यांच्यावर एकच सरळ रेघ असते. नेच्यांचे बीजाणू वाऱ्याने उडतात, कुठल्याही पानावर दुसऱ्याचे चिकटलेले सापडतात.

प्रतिसाद २

वर्णनावरून टेरिस व्हिटाटाच वाटतो. चुन्याची भिंत ही त्याची आवडती जागा, टोकाचं लांब दलही जुळतं. नेफ्रोलेपिसचीही खालची दलं लहान होत जातात, त्यामुळे लांबून गल्लत होते. पण त्याच्या दलांना जोडाशी सांधा असतो, वाळली की ती गळून पडतात आणि बीजाणुधानींचे पुंज सुटे असतात.

आधी कडेबद्दल. हो, झाकणाचं काम तीच करते, पण ती पानाचीच कड आहे, म्हणून तिला खोटं झाकण म्हणतात. चित्रात एक गोष्ट जरूर दाखवा. टेरिसमध्ये बीजाणुधानी पानाच्या पृष्ठभागावर, कडेलगतच्या शिरेवर येतात आणि कड त्यांच्यावर नुसती दुमडलेली असते. हंसराजात, म्हणजे ॲडिअँटममध्ये, त्या दुमडलेल्या भागाच्याच आतल्या बाजूला येतात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. सुईने कड हळूच उलटून पाहिलीत की फरक कळेल.

आता बीजाणू. नेफ्रोलेपिसचा निष्कर्ष इतक्यात काढू नका. चार बीजाणू एकत्र तयार होतात आणि प्रत्येकाला बाकीचे तिघे टेकलेले असतात. तीन फाट्यांची रेघ ही त्या टेकण्याची खूण. असा बीजाणू वरून तिकोनी दिसतो, पण कुशीवर पडला तर एक बाजू फुगीर आणि दुसरी सपाटसर दिसते. म्हणजे तुम्ही पाहताय तो दुसऱ्या बाजूने दिसणारा तोच बीजाणू असू शकतो. कव्हरस्लिपच्या कडेला सुईने अगदी हलकं दाबा, बीजाणू लोळतील. लोळताना तीन फाटे दिसले तर प्रश्न मिटला. एकच सरळ रेघ दिसली तर तो पाहुणा. व्हिटाटाच्या बीजाणूवर जाळीदार कंगोरे आणि मध्यभागाभोवती पट्टा असतो, तेही पाहा.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे कागदावरची भुकटी वापरूच नका. न फुटलेली बीजाणुधानी सुईने उचलून स्वच्छ स्लाइडवर घ्या आणि ग्लिसरीनचा थेंब द्या. आतून जे निघेल ते याच झाडाचं.

ग्लिसरीन देताना डोळा भिंगावरून हलवू नका! बीजाणुधानीच्या पाठीवर जाड भिंतींच्या पेशींचं वलय असतं. पेशींतलं पाणी ओढलं गेलं की त्यांची पातळ बाहेरची भिंत आत खेचली जाते, वलय मागे वाकतं आणि बीजाणुधानी फाटते. कोरड्या हवेत हेच पेशींतल्या पाण्याच्या बाष्पीभवनाने होतं. ताण असह्य झाला की पेशींत बुडबुडे तयार होतात, वलय झटक्यात मिटतं आणि बीजाणू दूर फेकले जातात. ही उसळी कशी घडते, याचा वेगवान कॅमेऱ्याने केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मला वनस्पतींतली ही सगळ्यात सुंदर यंत्रणा वाटते.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कव्हरस्लिप दाबून पाहिली. बहुतेक दाण्यासारखे बीजाणू लोळल्यावर तीन फाटे दिसले. दोन-चार मात्र आकाराने लहान, एका सरळ रेघेचे राहिले. म्हणजे तुमचं दोघांचंही बरोबर आहे.

बंद बीजाणुधानीही फोडली. त्यात सगळे तीन फाट्यांचे. वलय मागे वाकताना दिसलं, कितीतरी वेळ तेच पाहत बसले! आता एका बीजाणुधानीत किती बीजाणू असायला हवेत? मोजायला सुरुवात केली, पण ते ढिगात एकमेकांवर पडतात.

प्रतिसाद २

नेहमीचा आकडा ६४. सोळा मातृपेशी, प्रत्येकीचे चार. ३२ च मोठे बीजाणू मिळाले तर तो नेचा बहुधा फलनाशिवाय वाढणारा असतो. टेरिस क्रेटिका तसा आहे. विल्यम फार्लो यांनी १८७४ मध्ये त्याच्या पूर्वकायकातून, म्हणजे बीजाणू रुजून तयार होणाऱ्या छोट्या चपट्या रोपट्यातून, फलन न होता रोप उगवताना पाहिलं होतं.

मोजण्यासाठी थेंब छोटा घ्या आणि बीजाणू सुईने पसरवा. एकाच बीजाणुधानीवर विसंबू नका, चार-पाच मोजा. काही बीजाणू फेकले जाऊन थेंबाबाहेर जातात, त्यामुळे साठच्या आसपासचा आकडा आला तरी तो ६४ च धरा.