जुने कपडे नेणाऱ्यांचा सत्कार करावा का, आणि कसा?

धायरीकर यांचा प्रश्न

सिंहगड रस्त्यावरील आमच्या गृहरचना संस्थेत नवरात्राच्या आवराआवरीत कपाटे रिकामी होतात आणि जुन्या कपड्यांची बोचकी जिन्याखाली साठतात. हे कपडे नेऊन पुन्हा उपयोगात आणणाऱ्या मंडळींचा दिवाळीपूर्वी शाल, श्रीफळ आणि फराळाचा डबा देऊन सत्कार करावा, अशी सूचना यंदाच्या बैठकीत आली. मात्र सत्कार नेमका कोणाचा करायचा, येथेच आम्ही अडलो. रोज कचरा नेणाऱ्या ताई आहेतच. पण पूर्वी भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन प्रत्येक मजल्यावर येणारी बोहारीण फाटकावर फेरीवाल्यांना मज्जाव झाल्यापासून दिसलेली नाही. आता आवारात कपड्यांसाठी एक पेटी ठेवलेली आहे आणि ती रिकामी करणाऱ्या माणसांना कोणी ओळखतही नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सुतीवाला यांचे उत्तर

भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांना यंत्रे पुसण्यासाठी सुती कापड पुरवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे, तुमच्या जिन्याखालची बोचकी पुढे कुठे जातात हे मी रोज पाहतो. सत्काराचे नंतर पाहू, आधी बोहारीण कपडा कसा पारखते ते एकदा शेजारी बसून पाहावे. पँट हातात येताच ती बैठक आणि गुडघे उजेडासमोर धरते, दोन्ही अंगठ्यांनी शिवण ताणून बघते, चेन एकदा वरखाली करते. सदरा असेल तर कॉलर उलटवून घडीवरची विरलेली रेघ शोधते. एवढ्या वेळात तिचा निर्णय झालेला असतो की, हा नग धुऊन, चार टाके घालून, इस्त्री करून जुन्या बाजारात खपेल, की चिंधी म्हणून वजनावर जाईल. चिंधीतही सुती निराळी काढावी लागते, कारण पॉलिस्टर सुतीइतके चांगले पुसत नाही आणि कारखाना ते परत पाठवतो. सुती आणि पॉलिस्टर एकत्र विणलेल्या कापडाचे काय करावे, हा तर या धंद्यातल्या प्रत्येकाच्या डोक्याला ताप आहे.

जुने लोकरीचे कपडे फाडून त्यांचे पुन्हा सूत काढण्याची मोठी पेठ हरियाणातील पानिपत येथे आहे. तेथे प्रामुख्याने स्त्रिया पात्याच्या धारेवर बटणे, चेन आणि अस्तर कापून काढतात व कपड्यांचे रंगवार ढीग लावतात. लाल ढिगातून लालच सूत निघत असल्यामुळे ते बहुधा पुन्हा रंगवावे लागत नाही, म्हणजे पाणी आणि रंग वाचतात ते त्या निवडीमुळे, यंत्रामुळे नव्हे. कपडा यंत्रात फाडताना तंतू आखूड होतात, म्हणून सूत जाड निघते आणि त्याची ब्लँकेटे होतात. पूर किंवा भूकंपानंतर वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटे पुष्कळदा हीच असतात. ही पिंजलेल्या तंतूंची धूळ कामगारांच्या छातीत जाते, आणि नव्या पॉलिस्टरच्या मऊ ब्लँकेटांनी या मालाची मागणीही घटवली आहे. ही सारी साखळी तुमच्या सभागृहात बोलावता येणार नाही. पण तिचे पहिले टोक तुमच्या फाटकाबाहेर उभे आहे.

पेठेतली आजी यांचे उत्तर

शालीविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पुण्यात सत्कार इतके होतात की, माझ्या सासऱ्यांना मिळालेल्या कित्येक शाली घडीही न मोडता बोहारणीच्या गाठोड्यात गेल्या. आता तिलाच शाल देणे म्हणजे तिचा माल तिला परत करणे होय.

ती दान मागायला येत नसे, व्यापार करायला येत असे. माझ्या सासूबाई झाकणाच्या डब्यासाठी अडून बसत, ती म्हणे, “बाई, ही साडी घडीवर विरली आहे, हिच्यावर गाळणीच बसते.” मग आणखी एक सदरा पडे, मग डबा उचलला जाई आणि पुन्हा पाटीत ठेवला जाई. दोघींनाही आपण फसलो नाही याचे समाधान असे, आणि कोणी कोणावर उपकार केल्याची भाषा नसे. पेटी वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु पेटी आली आणि बोहारणीला फाटकाबाहेर अडवले, तर तिचे भांडवलच आपण काढून घेतले, आणि त्यावर नारळ देणे मला तरी शोभादायक वाटत नाही.

कोरडा कचरा यांचे उत्तर

बोहारणीविषयी वरती लिहिले ते मान्य आहे, पण ती जे नाकारते ते कोणाकडे जाते, हेही पाहावे. फाटकी अंतर्वस्त्रे, पायपुसणी, उशांचे कुजलेले अभ्रे हे सर्व कचरावेचक ताईंच्या वाट्याला येते. पुण्यात 1993 पासून त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, आणि 2008 मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचे संकलन सुरू केले. त्यांचे उत्पन्न दोन ठिकाणांहून येते: नागरिकांचे मासिक शुल्क आणि भंगाराची विक्री. ओल्या कचऱ्यात भिजलेल्या चिंध्यांना भंगारात भाव नसतो. त्या फक्त ओझे वाढवतात. तेव्हा कपडे धुऊन, वाळवून, वेगळ्या पिशवीत द्यावेत आणि शुल्क ज्या महिन्याचे त्या महिन्यात द्यावे. शालीसाठी वर्गणी काढणाऱ्या सोसायटीत हे शुल्क थकलेले असते, असे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. फराळाचा डबा जरूर द्या, तो कोणालाही आवडतो.

धायरीकर

सर्वांचे आभार. शुल्काची थकबाकी आमच्याकडेही निघाली, आठ घरांची. शाल रद्द करून, बोहारणीला ठरावीक दिवशी फाटकावर नाव नोंदवून प्रवेश द्यावा, असा ठराव मी मांडणार आहे. सुरक्षेच्या कारणावरून विरोध होईल, याची कल्पना आहे. सर्व रहिवासी घरी असतात म्हणून रविवार ठेवावा, असा विचार आहे.

सुतीवाला

घरी सामान पोचवणाऱ्या मुलांना तुम्ही दिवसातून कितीदा आत सोडता, ते विरोधकांना विचारा. मात्र रविवार नको आणि बुधवारही नको. त्या दोन दिवशी जुना बाजार भरतो आणि विक्रीचा दिवस सोडून ती येणार नाही. शनिवारी दुपारी बोलवा, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी तिला माल मिळेल.