सीनेच्या खोल डोहात तळाचे जीव गोळा करायला काय वापरावं?

सीनाकाठ
सोलापूरजवळ सीनेवर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागे चार ठिकाणी तळातले अपृष्ठवंशी जीव मोजायचे आहेत. बर्गे (बंधाऱ्याच्या फळ्या) घातल्यावर मधोमध पाणी ३ ते ४ मीटर असतं. बंधाऱ्यालगत काळा गाळ, वर किलोमीटरभर गेलं की कातळ आणि गोटे. खालच्या उथळ धारेत सर्बर (तळावर टेकवायची ३० × ३० सेंमीची चौकट, मागे जाळी) चालतं, पण डोहात ते टेकवणार कुठे? एकमन किंवा पोनार (दोरीने सोडायचे, जबड्याने गाळ उचलणारे ग्रॅब), टांगत्या पट्ट्या (जीव येऊन बसावेत म्हणून पाण्यात ठेवायच्या), एअरलिफ्ट (हवेच्या जोराने तळातलं वर ओढणारा पाइप) यांतलं काय घ्यावं? धारेतले आणि डोहातले आकडे एका तक्त्यात मांडता येतील का? होडी आहे, विंच नाही.

तळगाळ
खोली नंतर बघा, आधी तळ बघा. मऊ गाळात १५ × १५ सेंमीचा एकमन उत्तम; हलका आहे, हाताने ओढता येतो. पण जबड्यात एक खडा किंवा बाभळीची काडी अडकली की वर येईपर्यंत निम्मा गाळ धुऊन जातो. जबडा पूर्ण मिटलेला नसेल तर तो नमुना टाकून द्या, 'थोडाच गेलाय' म्हणून ठेवू नका. एका ग्रॅबचं क्षेत्र ०.०२२५ चौ. मी., म्हणजे त्यात सापडलेली एक अळी चौरस मीटरला ४४ होते. निसटलेल्या अळीचाही हाच गुणाकार. एका जागी किमान ४ ग्रॅब घ्या आणि प्रत्येक वेगळा मोजा.

पाण्याला ओढ असेल तर दोरी तिरकी होते, जबडा मिटवायला दोरीवरून सोडलेलं वजन नीट आपटत नाही आणि जबडा उघडाच राहतो. तिथे छोटा पोनार घ्या. तो वजनदार असतो आणि बारीक वाळूतही रुततो. मोठा पोनार विंचशिवाय नको, पाठ जाईल. कुठलाही ग्रॅब शेवटचा अर्धा मीटर अगदी हळू सोडा. धाडकन सोडला की त्याच्यापुढे दाबलं गेलेलं पाणी वरचा सैल थर उडवून लावतं, आणि बहुतेक जीव त्याच थरात असतात.

चतुरअळी
गोट्यांवर दोन्ही ग्रॅब फुकट. तिथे टांगत्या पट्ट्या. ३ मिमी हार्डबोर्डचे ७.५ सेंमीचे ८ चौकोन, मध्ये चकत्या, सगळं एका बोल्टवर. दोन्ही बाजू धरल्या तर ढोबळ ०.०९ चौ. मी. होतात. सर्बरचं क्षेत्रही तेवढंच आहे, पण म्हणून तुलना चालते असं नाही: पट्टीवर येतात ते वाहत आलेले आणि चिकटणारे जीव, गाळातले लाल किडे नाहीत.

सहा आठवडे ठेवा. तरंग्याला बांधा, तळाशी नांगर, आणि दोरी खोलीपेक्षा लांब. तळाला पक्की बांधलीत आणि वरून आवर्तन सुटलं तर पट्ट्या किती खोल होत्या याचा हिशेबच राहत नाही. काठाला बांधलीत तर पाणी उतरल्यावर उन्हात वाळतील. काढताना पट्ट्या पाण्यात असतानाच खालून ५०० मायक्रॉनची जाळी लावा. उघड्या वर ओढल्या की मेफ्लायची (पाण्यात वाढणारा एक उडता कीटक) पिल्लं पटापट गळतात.

सीनाकाठ
आणि एअरलिफ्ट? गोट्यांसाठी तेच सुचवतात.

तळगाळ
चालतं, पण कॉम्प्रेसर, पाइप आणि होडीत तिसरा माणूस लागतो. पाइपाच्या तोंडाशी नेमक्या क्षेत्राचा डबा तळावर बसवला नाही तर आजूबाजूचंही ओढलं जातं, मग 'प्रति चौरस मीटर' कशाचं? शिवाय एक मीटरच्या आत हवा नीट उचलतच नाही. चार ठिकाणांसाठी एवढा खटाटोप मी सुचवणार नाही.

गुणतक्ता
तुलनेचा प्रश्न राहिलाच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांत जीवांच्या कुळांना गुण असतात, स्वच्छ पाण्यातल्यांना जास्त. कायरोनॉमिडीला (डासासारख्या माशीच्या अळ्या) २, गांडूळवर्गीय किड्यांना १, हेप्टाजेनिडीला (मेफ्लायचं एक कूळ) १०. गाळातल्या ग्रॅबमध्ये पहिले दोनच भरपूर येणार. गुण कमी आले की लगेच 'सीना प्रदूषित' लिहू नका. तिथे बसायला दगडच नव्हता. डोहाची तुलना डोहाशीच करा, तीही एकाच पद्धतीने. चारही ठिकाणी पट्ट्या लावा, गाळाच्या जागी एकमन जादा, आणि काठच्या गवत-जलपर्णीत हातजाळी ३ मिनिटं. तीन तक्ते वेगळे ठेवा. बर्गे कधी घातले, कधी काढले ती तारीख प्रत्येक पानावर.

चतुरअळी
चाळण्याबद्दल एक. काळ्या मातीच्या गोळ्या ०.५ मिमीच्या चाळणीवर बोटांनी दाबू नका, अळ्यांचे तुकडे होतात. चाळणी बादलीत अर्धी बुडवून गोल फिरवा, गोळ्या आपोआप सुटतात. बाटली निम्मीच भरा आणि ९५ टक्के अल्कोहोल ओता. नमुन्यातल्या पाण्याने ते ७० च्या आसपास येतं. आधीच ७० टक्क्यांचं ओतलंत तर आठवड्यात वास सुटतो. फॉर्मेलिन वापरणार असाल तर त्यात बोरॅक्स घाला, नाहीतर गोगलगायींचे शंख विरघळायला लागतात.